कवडी : प्राणी, पैसा आणि प्रवास

सागरगोटी

जुन्या नाण्यांवरच्या धाग्यात शिवराई झाली, ढब्बू झाला, भोकाचा पैसाही झाला. कवडीला कोणी विचारलंच नाही. तिथे मध्येच घुसण्यापेक्षा वेगळा धागा काढते.

आधी प्राणी. आपण जिला कवडी म्हणतो ते एका समुद्री गोगलगायीचं कवच. लिनियसने १७५८ साली तिला सिप्रिया मोनेटा म्हटलं, आताचं शास्त्रीय नाव मोनेटारिया मोनेटा. लांबी बहुधा दीड ते अडीच सेंटिमीटर, रंग पिवळट किंवा पांढुरका, कडा कोनेदार, पाठीवर टेंगळं. बाजारात हिच्यात मिसळून हिची जवळची नातेवाईकही विकली जाते, मोनेटारिया ॲन्युलस. ती अंडाकृती, गुळगुळीत आणि पाठीवर केशरी-पिवळं कडं असलेली. दोघींचा वावर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरापर्यंत, उथळ आणि उबदार पाण्यात. भारतात लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात इथे मोनेटा सापडते.

एवढा मोठा टापू असूनही शतकानुशतकं जगाला कवड्या पुरवल्या त्या मुख्यतः मालदीवने. तिथे त्या अमाप होत्या, आणि आकाराने लहान होत्या. लहान असणं हा इथे गुण होता, कारण तेवढ्याच वजनात जास्त नग बसतात.

आता मुद्द्याचं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३-४४ मध्ये मालदीवमध्ये काझी होता. त्याने तिथला हिशेब लिहून ठेवलाय: शंभर कवड्या म्हणजे एक सियाह, सातशेचा फाल, बारा हजारांचा कुत्ता, एक लाखाचा बुस्तू. सोन्याच्या एका दिनारला चार बुस्तू, म्हणजे ४,००,००० कवड्या. स्वस्ताई असली तर दहा बुस्तूसुद्धा. हाच माणूस पुढे सहारा ओलांडून १३५२-५३ मध्ये माली राज्यात गेला आणि तिथे त्याला त्याच कवड्या चलनात दिसल्या. भाव होता दिनारला १,१५०.

चार लाख आणि साडेअकराशे. साडेतीनशे पटींचा फरक, आणि दोन्ही भाव एकाच माणसाने नोंदवलेले. मधल्या काळात कवडीचं काहीच बदललं नाही. घडवली नाही, रंगवली नाही, तिच्यावर कोणी राजाचा शिक्का मारला नाही. ती फक्त चालत राहिली, होडीतून आणि मग उंटावरून.

आपल्या देशातही हेच. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहितो की समुद्राजवळ एका पैशाला ८० पर्यंत कवड्या मिळतात, आत जाल तसा आकडा घटतो, आणि आग्र्याला ५०-५५ वर येतो. माझं म्हणणं एवढंच की कवडीची किंमत म्हणजे तिने कापलेलं अंतर. बाकी सगळं, लक्ष्मी, शुभ-अशुभ, नंतर चिकटलंय. बोला.

माळवदावरून

धागा आवडला, पण शेवटच्या वाक्याला आमच्या भागात कोणी मान डोलावणार नाही. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात जी कवड्यांची माळ असते तिचा भाव कोणी विचारत नाही. परडी, पोत आणि माळ, एवढ्यावर जोगवा चालतो. पोळ्याला बैलाच्या गळ्यातही कवड्यांचा पट्टा असतो. लमाण बायकांच्या ओढणीवर, पिशव्यांवर कवड्या शिवलेल्या असतात. यातलं काय ‘नंतर चिकटलं’ आणि काय आधीपासूनचं, हे तुम्ही कसं ठरवलंत ताई?

बाकी तुमच्या माहितीत एक भर. माळेतली कवडी हातात घेऊन बघा. तिची पाठ उडवलेली असते. फुगीर भाग फोडून किंवा घासून काढला की ती सपाट बसते आणि दोरा आरपार जातो. त्यामुळे माळेतली कवडी मोनेटा की ॲन्युलस हे ओळखणं अवघड, कडं असलेली पाठच गेली.

भरतीओहोटी

पाठ नसली तरी अंदाज येतो. पोटाकडून बघा. मोनेटाची बाह्यरेषा कोनेदार, मागच्या भागात रुंद, कडेला जाड थर चढलेला. ॲन्युलसची रेषा जास्त एकसारखी लंबगोल. शंभरातल्या दहा-वीस फसवतील.

मी समुद्रजीवशास्त्रवाली, त्यामुळे प्राण्याबद्दल थोडं. सागरगोटींनी त्याला दोन वाक्यांत उरकलंय.

कवडीचं कवच इतकं चकचकीत का असतं? इतर शंख-शिंपले समुद्रात खरखरीत होतात, त्यांच्यावर शेवाळ चढतं, बार्नॅकल बसतात. कवडीवर नाही. कारण जिवंत कवडी आपल्या अंगाचे दोन पातळ पदर दोन्ही बाजूंनी वर आणते आणि कांबळं पांघरावं तसं कवच झाकून घेते. या पदराला प्रावार म्हणतात. हाच प्रावार कवचावर बाहेरून मुलाम्याचे थर चढवत राहतो. म्हणजे ती चमक पॉलिशची नाही, प्राणी जिवंत असताना रोज होणाऱ्या कामाची आहे. हात लावला की पदर आत ओढले जातात आणि एकदम लखलखीत पाठ दिसते.

दुसरी गोष्ट तिच्या वाढीची. लहान कवडी तुम्हाला दाखवली तर ओळखणार नाही. पातळ, नाजूक कवच, एका टोकाला वेटोळं, तोंड रुंद आणि सताड उघडं. चारचौघींसारखा शंखच. प्रौढ होताना बाहेरचा ओठ आत वळतो, तोंडाची चीर होते, दोन्ही काठांवर दाते येतात. त्यानंतर लांबी वाढत नाही. जे काही व्हायचं ते जाडीत होतं, थरावर थर. म्हणून एकाच जागच्या दोन प्रौढ कवड्या वेगवेगळ्या मापाच्या असू शकतात आणि लहान असलेली वयाने मोठी असू शकते.

खाणं मुख्यतः शेवाळ. दिवसा दगडाखाली, प्रवाळाच्या फटीत, रात्री बाहेर. नर-मादी वेगळे. मादी अंड्यांच्या पुंजक्यावर बसून राहते. पिल्लं मात्र आईजवळ राहत नाहीत, सूक्ष्म अळ्या होऊन प्रवाहाबरोबर तरंगत जातात. या प्राण्याचा टापू एवढा पसरलेला का, याचं उत्तर इथे आहे.

सागरगोटी

व्वा! हा प्रतिसाद मूळ लेखात टाकायला हवा.

त्यावरून आठवलं. फ्रांस्वा पिरार नावाचा फ्रेंच खलाशी १६०२ साली जहाज फुटून मालदीवला अडकला, १६०७ पर्यंत तिथेच होता. तो लिहितो की कवड्या महिन्यातून दोनदा गोळा करतात, अमावस्येच्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे तीन-तीन दिवस. इतर वेळी मिळत नाहीत. बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून वेचतात. हे चंद्राचं काय प्रकरण आहे?

भरतीओहोटी

उधाण! कोकणातल्या कोणालाही विचारा. अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, पाणी लांबवर मागे जातं. एरवी छातीभर पाण्याखाली असलेला प्रवाळाचा उथळ पट्टा तेव्हा कमरेवर येतो. कवडी त्याच पट्ट्यात राहते. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत तिथे पोचताच येत नाही. त्या बायकांना भरती-ओहोटीचं कोष्टक तोंडपाठ असणार.

शंकासुर

धाग्याच्या मूळ दाव्याला आक्षेप. अंतराने किंमत वाढते हे मिरीला लागू आहे, मिठाला लागू आहे, काश्मिरी केशराला आहे. मग बंगालमधल्या सिल्हेटच्या शेतकऱ्याने शेतसारा कवड्यांत भरला, तो मिरीत का नाही भरला? अंतर हे कारण अपुरं आहे. कवडीतच काहीतरी असणार.

सागरगोटी

मिरी लोक खातात हो. :) बाजारात आलेली मिरी शेवटी कोणाच्या तरी पोटात जाते. कवडी कुठेच जात नाही. कुजत नाही, गंजत नाही, उंदीर खात नाहीत, पुरात भिजली तर धुऊन परत वापरा. शिवाय खोटी कवडी बनवणं खऱ्या कवडीपेक्षा महाग पडलं असतं. तांब्याच्या पैशात शिसं मिसळता येतं, कवडीत काय मिसळणार?

आणि सुटे पैसे हा मोठा मुद्दा. चांदीचा रुपया बाजारातल्या साध्या माणसाच्या उपयोगाचा नव्हता, त्याला मूठभर मीठ नि पानसुपारी घ्यायची असायची. इतक्या लहान रकमेचं तांब्याचं नाणं पाडलं तर ते नखाएवढं होईल आणि पाडायचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त. कवडीला टांकसाळीचा खर्चच नाही. बंगालमध्ये तर धातूही बाहेरूनच आणावे लागत. तांदूळ मात्र भरपूर होता, आणि मालदीवला तांदूळ पिकत नाही. जहाजं तांदूळ घेऊन जात आणि कवड्या घेऊन येत. बतूताने हे लिहिलंय, आणि हेही की येमेनचे लोक जहाजाला भार हवा म्हणून वाळूऐवजी कवड्या भरत.

दोनदुणेचार

शेवटी माझ्या विषयावर आलात! आता कोष्टक घ्या.

बंगालचा हिशेब: ४ कवड्या म्हणजे १ गंडा, २० गंडे म्हणजे १ पण, १६ पण म्हणजे १ काहन. गुणाकार केला की एका पणात ८० कवड्या आणि काहनात १,२८०.

आता आपल्या भास्कराचार्यांची लीलावती उघडा, बाराव्या शतकातली. सुरुवातीलाच परिभाषा दिली आहे. २० वराटक म्हणजे १ काकिणी, ४ काकिणी म्हणजे १ पण, १६ पण म्हणजे १ द्रम्म, १६ द्रम्म म्हणजे १ निष्क. वराटक म्हणजे कवडी. इथेही पणात ८०, आणि द्रम्मात १,२८०. मधला टप्पा वेगळा, मुक्काम तोच! भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. म्हणजे समुद्रापासून लांब, खानदेशाशी नातं असलेल्या घराण्याच्या पुस्तकात चलनाचा पाया समुद्री गोगलगाय. माझी मुलं वर्गात हे ऐकून दोन मिनिटं गप्प बसतात, जी मोठी गोष्ट आहे.

अजून एक. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७७० च्या दशकाच्या शेवटी, सिल्हेटला रुपयाचा भाव ५,१२० कवड्या होता. बरोब्बर चार काहन. एक कवडी साधारण एक-सव्वा ग्रॅम धरा. एका रुपयाच्या कवड्या सहा किलोच्या आसपास. शंभर रुपये उसने द्यायचे तर सहा क्विंटल, बैलगाडी सांगा.

शंकासुर

हे सहा क्विंटल ऐकल्यावर मी म्हणेन की हा वाईट पैसा होता.

दोनदुणेचार

शंभर रुपयांसाठी वाईट. दोन कवड्यांच्या भाजीसाठी उत्तम. दोन्ही कामं एकाच नाण्याकडून कशाला करून घ्यायची?

सागरगोटी

सिल्हेटची गंमत पुढे आहे. तिथला सगळा सारा कवड्यांत जमा व्हायचा. रॉबर्ट लिंडसे नावाचा कंपनीचा अधिकारी तिथे १७७८ पासून होता, त्याने आठवणी लिहिल्यात. कवड्या साठवायला कोठारं लागायची, आणि वर्षातून एकदा होड्यांचा तांडा भरून त्या ढाक्याला पाठवायच्या. वाटेत गळती व्हायची ती वेगळी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने सारा चांदीतच हवा असं धोरण धरलं. ज्याच्या घरात फक्त कवड्या आहेत त्याला आता आधी रुपये विकत घ्यायचे, तेही सावकार सांगेल त्या दराने. ओडिशात १८१७ साली बक्षी जगबंधूंच्या नेतृत्वाखाली पाइकांनी उठाव केला. पाइकांच्या जमिनी गेल्या, मीठ महागलं, या मोठ्या कारणांबरोबर कवडीऐवजी चांदीत सारा भरायची सक्ती हेही एक कारण मानलं जातं.

यावर शाळेत आम्हाला एक ओळ होती फक्त.

काढावाला

वैद्यकीवाला एकच मुद्दा घालतो. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात कवडीचं भस्म करतात, कपर्दिका भस्म किंवा वराटिका भस्म, अम्लपित्तावर देतात. कवडी भाजली की उरतो तो कॅल्शियमचाच पदार्थ, त्यामुळे आम्ल कमी होणं समजण्यासारखं आहे. पण गंमत ग्रंथातल्या वर्णनाची. कोणती कवडी घ्यावी? पिवळसर, पाठीवर गाठी असलेली, लांबट. वजनावरूनही प्रती लावल्यात (निष्क इथे वजनाचं माप), दीड निष्काची श्रेष्ठ, एक निष्काची मध्यम, पाऊण निष्काची कनिष्ठ. पिवळी आणि गाठींची म्हणजे सागरगोटींनी वर सांगितलेली मोनेटाच झाली की. कडंवाली ॲन्युलस या वर्णनात बसत नाही. म्हणजे दोन प्रकार वेगळे आहेत हे आमच्या लोकांना लिनियसच्या आधीपासून दिसत होतं.

(घरी भाजून खाऊ नका. शोधन, पुटं, सगळं शिस्तीत करायचं असतं.)

भरतीओहोटी

काढावाला, हे सुंदर आहे! आणि एक गमतीची उलटापालट बघा. पैशाच्या बाजारात लहान कवडी भारी, औषधाच्या बाजारात जड कवडी भारी.

दारेसलामकर

नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होतो. कामानिमित्त टांझानियात आहे. इथे आणि समोर झांझिबारला ॲन्युलसचं राज्य आहे. ओहोटीला उथळ पाण्यात बायका-पोरं शिंपले वेचतात त्यात या पण असतात, पर्यटकांना माळा करून विकतात.

या ॲन्युलसने पश्चिम आफ्रिकेत काय केलं ते सांगतो, कारण सागरगोटींच्या अंतराच्या सिद्धान्ताची ती खरी परीक्षा आहे.

आधी पार्श्वभूमी. पोर्तुगीज, मग डच आणि इंग्रज यांनी मालदीवच्या कवड्या युरोपला न्यायला सुरुवात केली. डच सिलोनवरून, इंग्रज बहुतेक ओडिशातल्या बालेश्वरवरून घेत. युरोपात त्यांना कोणी विचारत नव्हतं. ॲमस्टरडॅम आणि लंडनच्या लिलावात त्या विकल्या जात आणि तिथून जहाजं गिनीच्या आखातात, उइदासारख्या बंदरांत जात. तिथे त्या देऊन माणसं विकत घेतली जात. अठराव्या शतकात डच-इंग्रजांनी मिळून नेलेल्या कवड्यांचा अंदाज एक हजार कोटी नगांच्या आसपास आहे. गुलामांच्या किमतीचा बराच मोठा हिस्सा कवड्यांत चुकता व्हायचा. मालदीवच्या बाईने पौर्णिमेला वेचलेली कवडी दोन वर्षांनी तिथल्या दाहोमी राज्यात कोणाच्या तरी मुलाच्या बदल्यात मोजली जात होती. हे वाचल्यावर मला माळ विकत घ्यायला जरा जड जातं, खोटं कशाला सांगू.

मोजायची पद्धत अशी: ४० कवड्यांची एक माळ, ५० माळांचं एक ‘डोकं’ म्हणजे २,०००, आणि दहा डोक्यांची एक पिशवी म्हणजे २०,०००. मालदीवच्या कवड्या असतील तर पिशवी वीस-पंचवीस किलोची, एक माणूस डोक्यावरून नेऊ शकतो.

गुलामांचा व्यापार आटला, पाम तेलाचा वाढला, कवड्यांची मागणी टिकली. तेव्हा १८४५ च्या सुमारास हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं की मालदीवपर्यंत जायचं कशाला, झांझिबारला ॲन्युलस ढिगाने पडल्यात आणि फार स्वस्त आहेत. त्यांनी जहाजंच्या जहाजं भरून पश्चिम किनाऱ्यावर ओतली. लोकांनी सुरुवातीला मोठ्या कवड्या नाखुशीने घेतल्या, पण घेतल्या. पुढच्या तीसेक वर्षांत कवडीचं मोल असं कोसळलं की मोठा व्यवहार करायचा तर कवड्या वाहून नेण्याची मजुरीच परवडेना. त्यात ॲन्युलस जास्त जड. ज्यांनी आयुष्यभराची बचत कवड्यांत पुरून ठेवली होती त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. इंग्रजांनी १९०४ मध्ये नायजेरियात कवड्यांची आयातच बंद केली.

शंकासुर

म्हणजे मी म्हणत होतो तेच ना? जवळचा किनारा सापडला आणि पैसा बुडाला. कवडीत स्वतःचं काही नव्हतंच.

सागरगोटी

अहो, तुम्ही तर वर म्हणालात की ‘कवडीतच काहीतरी असणार’! आता माझ्या बाजूला आलात त्याबद्दल स्वागत.

दारेसलामकर, हे उदाहरण माझ्या मताला बळच देतं. अंतर म्हणजे नुसते मैल नव्हेत, त्या मैलांचा खर्च. मालदीव लांब, मधे दलाल खंडीभर, भरायला महिने, आणि बेटांवर वेचणारे हात मोजके. तोपर्यंत कवडी टिकली. एका जहाजाने ती वाट स्वस्त केली आणि सगळं संपलं. कवचाची चमक तीच होती, दातेही तितकेच.

चीनचं उदाहरणही याच बाजूचं आहे. आन्यांगला फू हाओ या राणीची इसवीसनपूर्व १२०० च्या सुमाराची कबर सापडली, तिच्यात जवळजवळ सात हजार कवड्या होत्या. आन्यांग उबदार समुद्रापासून किती लांब आहे ते नकाशात बघा. समुद्रकाठच्या लोकांनी राणीसोबत सात हजार कवड्या पुरल्या असत्या तर कोणी तिला श्रीमंत म्हटलं नसतं.

माळवदावरून

पुरल्या! पैसा म्हणून नाही पुरल्या, सोबत म्हणून पुरल्या. ताई, तुमच्याच उदाहरणात माझं म्हणणं आहे. चलनात यायच्या कितीतरी आधी आणि चलनातून गेल्यावरसुद्धा माणसांनी कवड्या अंगावर घातल्यात. आफ्रिकेत पैसा बुडाला, पण दारेसलामकर म्हणतात तशा माळा अजून विकल्या जातातच. आमच्याकडे रुपयाला किती कवड्या हे आराध्याला ठाऊक नाही आणि त्याची गरजही नाही. त्याच्या माळेला ना पाच हजारांनी फरक पडतो, ना हॅम्बुर्गच्या जहाजाने.

सागरगोटी

हे मला मान्य करावं लागतंय की पैसा हा तिच्या आयुष्यातला एक तुकडा. पण आराध्याच्या माळेतली कवडीही तुळजापूरच्या ओढ्यात सापडत नाही. बालाघाटाच्या डोंगरावर, समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या गळ्यात ती आहे. कोकणातल्या देवीपुढे तिचं एवढं का नाही, याचा विचार करा.

माळवदावरून

करतो. पण मत बदलेल असं वाटत नाही. :)

खाजणकाठ

रत्नागिरीकडच्या कातळी किनाऱ्यावर मोठ्या, तपकिरी जाळीदार नक्षीच्या कवड्या बघितल्यात. त्या याच का? आणि गोळा केल्या तर चालतं का? हल्ली फॉरेस्टवाले शंख-शिंपल्यांवरून पकडतात असं ऐकतो.

भरतीओहोटी

जाळीदार नक्षीवाली म्हणजे बहुधा अरबी कवडी, मॉरिशिया ॲरेबिका. वेगळी जात, मोनेटापेक्षा बरीच मोठी.

कायद्याचं म्हणाल तर २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत अनेक समुद्री शंख-शिंपले घातले गेले. त्यात काही दुर्मीळ कवड्याही होत्या, मॅपा, टाल्पा, लामार्की वगैरे. पैशाची साधी कवडी त्यांत नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची मांडणी बदलली आहे, तेव्हा काही विकत घेण्याआधी किंवा बाहेरगावी नेण्याआधी ताजी यादी बघा.

माझी विनंती वेगळी आहे. जिवंत उचलू नका. आत प्राणी आहे का हे चिरेत डोकावून कळतं. आणि ओहोटीला दगड उलटवलात तर परत होता तसा ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला अंडी, स्पंज, अख्खी वसाहत असते, उन्हात तासाभरात मरते. कवडी शोधताना शंकूच्या आकाराचा शंख दिसला तर हातात घेऊ नका. कोन जातीच्या गोगलगायी विषारी काटा मारतात, काहींचा डंख माणसाच्या जिवावर बेततो.

आणि कृपा करून जुन्या कवड्या लिंबू किंवा व्हिनेगरने ‘साफ’ करू नका. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, आम्लाने ते विरघळतं. एकदा गेलेली चमक परत आणायला तो प्रावारवाला प्राणी आता नाही. साधं पाणी, मऊ ब्रश, बस.

चिंचोके

एवढं सगळं झालं आणि सारीपाट कोणीच काढला नाही? आमच्याकडे कवड्या म्हटलं की पट. पचिशीला सहा कवड्या, चल्लस-आठला चार. सहांतल्या जितक्या उताण्या, म्हणजे चीर वर, तितकं दान, दोन ते सहापर्यंत. एकच उताणी पडली की दहा, सगळ्या पालथ्या पडल्या की पंचवीस. भावंडांत यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी इस्टेटीवरून नाही झाली.

दोनदुणेचार

या दानांत एक तिढा आहे, कोणी लक्ष दिलंय का? कवडी उताणी आणि पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर सहा कवड्यांच्या एकूण ६४ मांडण्या होतात. सगळ्या उताण्या, एक मांडणी. सगळ्या पालथ्या, तीही एकच. दोन्ही सारख्याच दुर्मीळ. मग एकीला सहा आणि दुसरीला पंचवीस का? एकच उताणी येण्याच्या सहा मांडण्या आहेत, तिला दहा. पाच उताण्या येण्याच्याही सहाच, तिला मात्र पाच.

नियम करणारे वेडे नव्हते. नाणेफेकीतल्या नाण्याला दोन सारख्या बाजू असतात, कवडीला नसतात. एक बाजू फुगीर, एक चपटी आणि चिरेची. त्यात मोनेटाच्या पाठीवर टेंगळं, ॲन्युलसची पाठ गुळगुळीत. म्हणजे कोणती कवडी घेता यावर खेळच बदलायला हवा.

चिंचोके

बदलतोच! आमच्या आजोळी खेळायच्या कवड्या आजीच्या डबीत वेगळ्या असायच्या, सगळ्या सारख्या मापाच्या. माळेतून सुटलेली, पाठ उडवलेली कवडी कोणी टाकायला घेतली की मामा लगेच हात धरायचा. ‘ही उताणी राहतच नाही,’ म्हणायचा. आम्हाला वाटायचं हरतोय म्हणून कुरकुरतोय.

दोनदुणेचार

मामा बरोबर असणार. पाठ काढली की फुगवटा गेला, दोन्हीकडून चपटी. उन्हाळ्याच्या सुट्टीत सातवीच्या मुलांना हाच प्रकल्प देतो, प्रत्येकाने सहा कवड्या, हजार वेळा टाकायच्या, तक्ता भरायचा. कोणाकडे जुन्या, न घासलेल्या मोनेटा असतील तर कळवा. बाजारात पिवळ्या म्हणून मिळतात त्यांतल्या कितीतरी रंगवलेल्या निघाल्या, ओल्या फडक्याला पिवळं लागलं.

दारेसलामकर

न घासलेल्या ॲन्युलस हव्या असतील तर सांगा. पण इथून नेताना कस्टमचे कागद आधी बघावे लागतील.

दोनदुणेचार

दोन्ही जाती हव्यात, तुलनेसाठी. कागदांचं बघून कळवा, मी शाळेचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.